गॅरेजचं दार, बर्फाचं घर आणि मावशीचा कडबा



गेले काही भाग आपण लढायांवर बोलतो आहोत. पण विषय पालखेडचा असो की असईचा, तुमच्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो. "कर्नलसाहेब, तुमच्या पाठीमागे ती करड्या रंगाची भिंत कसली?" ती भिंत नाही. ते दार आहे, गॅरेजचं. आज लढाई बाजूला ठेवू आणि त्या दाराबद्दल बोलू. त्यातही इतिहास आहे, आणि माझी एक चूक आहे.

निवृत्तीनंतर आम्ही चेन्नईत, नंदंबाक्कमला राहतो. या मालिकेचं सगळं रेकॉर्डिंग घराच्या गॅरेजमध्ये होतं. खोली दहा फूट बाय अठरा फूट, तोंड पश्चिमेला, आणि दाराला लोखंडी पत्र्याच्या दोन फळ्या. तो पत्रा मीच गडद तपकिरी रंगवून घेतला होता, डाग दिसू नयेत म्हणून. रस्त्याचा आवाज येतो म्हणून दार बंद. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. वर दोन दिवे. आणि कॅमेऱ्यामागे उभा एक मुलगा, तंजावरी मराठी घरातला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी साडेतीनला, मी पानशेच्या तोफखान्यावर रंगात येऊन बोलत होतो आणि कॅमेरा हळूहळू खाली झुकला. मुलगा भिंतीला टेकून बसला होता, चेहरा लालबुंद, बोलणं अडखळत. त्याला व्हरांड्यात आडवा केला, पाय उंच ठेवले, मान-काखेत ओले फडके लावले, शुद्ध सावरल्यावर मीठ-साखरेचं पाणी दिलं. अर्ध्या तासात उठून बसला. "काही नाही अंकल, सकाळी जेवलो नव्हतो," म्हणाला. मला ते पटलं नाही.

फौजेत एक अलिखित कायदा आहे. वाळवंटात सरावाच्या वेळी जवानाला उष्माघात झाला, तर पहिला प्रश्न जवानाला विचारत नाहीत, त्याच्या कंपनी कमांडरला विचारतात. पाणी किती दिलं? कूच किती वाजता सुरू केलं? सावली कुठे होती? मी कितीतरी तरुण अधिकाऱ्यांना हे प्रश्न विचारले आहेत. त्या दिवशी उत्तर देणारा मीच होतो, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे प्रश्न फौजेला फुकट सुचलेले नाहीत. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याचा अहवाल १८६३ साली आला, आणि त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी अपार कष्ट घेतले होते. गोऱ्या शिपायांतला वार्षिक मृत्युदर त्यात दर हजारी ६९ असा निघाला. लढाईत पडलेले त्यात थोडे. बहुतेक मेले ते आजारानं, कोंदट बराकींत, वाईट पाण्यानं. पुढे ज्या उंच छताच्या, रुंद व्हरांड्यांच्या बराकी बांधल्या गेल्या, त्यांतल्या काहींत मीही राहिलो आहे. सूर्याला भिंतीपर्यंत पोचू द्यायचंच नाही, हे व्हरांड्याचं काम. अर्थात आत साहेब झोपायचा आणि बाहेर पंखेवाला उन्हात बसून दोरी ओढायचा, हेही लक्षात ठेवू.

असो. दाराकडे वळतो.

कुठलीही मोहीम रेकीपासून सुरू होते. घरात करोनाच्या काळातला कपाळाचा थर्मामीटर होता. तो पत्र्यासमोर धरला तर त्यानं आकडाच दाखवला नाही, नुसता 'हाय' म्हणाला. माणसाच्या तापाच्या पलीकडे त्या बिचाऱ्याची झेप नाही. मग कारखान्यात वापरतात तसला आणला. दुपारी साडेतीनला दाराची आतली बाजू ५८ अंश. म्हणजे मी माझ्या पाठीमागे छप्पन्न चौरस फुटांचा तवा ठेवून इतिहास सांगत होतो.

चेन्नईचं ऊन नागपूरच्या उन्हासारखं नाही. इथे मे महिन्यात 'अग्निनक्षत्रम्' म्हणतात ते दिवस येतात, साधारण ४ ते २८ मे. समुद्रावरचं वारं दुपारी वेळेवर आलं तर शहर सावरतं, उशीर झाला की पारा चढतो. ३१ मे २००३ रोजी इथे ४५ अंश नोंदले गेले होते. आणि हवेत दमटपणा. त्यामुळे नागपूर, इंदूरकडे वाळ्याचे ओले पडदे किंवा कूलर जे काम करतात, ते इथे होत नाही. भरल्या हवेत पाणी सुकत नाही, आणि सुकल्याशिवाय ते थंडावा देत नाही. इथे उष्णतेला आत येण्यापूर्वीच अडवावं लागतं.

ते अडवण्याचं मोठं उदाहरण याच शहरात उभं आहे. मरीना किनाऱ्यावर, कामराजर सालईवर एक गोल इमारत आहे. आज तिला विवेकानंदर इल्लम म्हणतात, पण रिक्षावाल्याला 'आइस हाउस' सांगितलं तरी तो तिथेच नेतो. ती बांधली १८४२ साली, बर्फ साठवायला. आणि तो बर्फ येत होता अमेरिकेहून.

ही गोष्ट फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याची. त्याच्या गावाकडे हिवाळ्यात तळी गोठतात. तो बर्फ कापून उष्ण देशांत विकायचा, ही त्याची कल्पना. १८०६ साली त्यानं पहिलं जहाज वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनीक बेटावर पाठवलं. लोक हसले, तो बुडाला, कर्जापायी तुरुंगातही गेला. पण मधली वर्षं त्यानं एकाच प्रश्नामागे घालवली. बर्फाभोवती काय गुंडाळलं तर तो टिकतो? गवत, झाडांच्या साली, कोळशाची भुकटी, सगळं करून पाहिलं. शेवटी उत्तर सापडलं ते लाकडाच्या भुशात. बोस्टनच्या वर मेन प्रांतात लाकडाच्या वखारी होत्या, आणि भुसा म्हणजे त्यांची डोकेदुखी. फेकायचा तो माल ट्यूडरनं उचलला.

मे १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात ते पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लाकडी जहाज, कुठलंही यंत्र नाही, आणि अर्ध्याहून जास्त माल शाबूत! पुढच्याच वर्षी मुंबईतही बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत तो पाहुण्यांना दिला आणि यजमानासकट मंडळींना सर्दी झाली, असं 'मुंबई समाचार'नं छापलं.

मद्रासची अडचण आणखी वेगळी होती. तेव्हा इथे बंदरच नव्हतं. जहाज दूर नांगरायचं आणि माल मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्यावर आणायचा. या होड्यांत खिळा नसे, फळ्या काथ्यानं शिवलेल्या असत, म्हणजे लाटेनं आपटली तरी होडी लवते, फुटत नाही. अमेरिकेतल्या तळ्याचा बर्फ शेवटचा मैलभर प्रवास करायचा तो कोळ्यांच्या अशा होडीतून. म्हणून कोठार अगदी पाण्यालगत. जाड भिंती, आणि आज दिसतात त्या खिडक्या, व्हरांडे तेव्हा नव्हते. थोरोनं आपल्या 'वॉल्डन' पुस्तकात त्याच्या तळ्यातला बर्फ कापणाऱ्यांबद्दल लिहिलं आहे, त्यात मद्रास आणि मुंबईची नावं येतात ती या व्यापारामुळेच.

१८७० च्या दशकात बर्फ बनवण्याची यंत्रं आली आणि हा धंदा आटोपला. इमारत बिळिगिरी अय्यंगार नावाच्या वकिलांनी घेतली, खिडक्या-व्हरांडे काढून राहण्याजोगी केली. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद अमेरिका-युरोपहून परतल्यावर नऊ दिवस इथेच उतरले होते. पुढे काही वर्षं विधवा मुलींचं वसतिगृहही इथे होतं. बर्फाची जागा माणसांनी घेतली.

आता भुशात असं काय आहे? भुसा उष्णता अडवत नाही, त्याच्या कणांमध्ये कोंडलेली हवा अडवते. स्थिर हवेपेक्षा पोलाद सुमारे दोन हजार पट वेगानं उष्णता वाहून नेतं. एक इंच कोरडा भुसा जे करतो, त्यासाठी जवळपास दहा इंच वीट लागते. 'कोरडा' हा शब्द महत्त्वाचा. ओला झाला की हवेची जागा पाणी घेतं आणि खेळ संपतो. बर्फ साठवणाऱ्यांची निम्मी अक्कल वितळलेलं पाणी बाहेर काढण्यात खर्च व्हायची.

आपल्याकडची जुनी तऱ्हा वेगळी होती. आपण उष्णता वजनानं अडवायचो. या शहरातल्या जुन्या घरांची 'मद्रास टेरेस' पाहा. सागवानी वाशांवर उभ्या विटा तिरप्या रचायच्या, वर चुन्यात विटांच्या तुकड्यांचा थर, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी, मग बायका लाकडी थापट्यांनी दिवसचे दिवस ठोकत बसायच्या, आणि सर्वांत वर चपट्या फरशा. सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या मंडळींना हे ऐकून माळवद आठवलं असेल. तुळया, त्यावर किलचा, पाला, आणि वर फूट-दोन फूट पांढरी माती. दर पावसाळ्याआधी वर आणखी एक थर. दुपारचं ऊन त्या मातीतून झिरपत खाली यायला रात्र होते, आणि रात्री घरचे लोक वर जाऊन झोपतात. वजन उष्णता अडवत नाही, तिला उशीर लावतं.

माझं आजोळ उमरग्याजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या माळवदाखाली मी जितका गाढ झोपलो, तितका पुढे कधी झोपलो नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, आणि बहुतेक भूकंपानं नाही, घरांनी मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती सुटल्या आणि वरची टनावारी माती झोपलेल्यांवर आली. तो भाग तेव्हा नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे तो पट्टाच नकाशातून काढून टाकला, आणि २००२ मध्ये चेन्नईही एक पायरी वर गेली. फौजेच्या तुकड्या मदतीला पोचल्या होत्या, पण माझी पलटण दूर होती. मला रजा मिळून पोचायला पाच दिवस लागले. मावशी अंगणात झोपली होती म्हणून वाचली. काका आत होते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा गेलो. दगडमातीचं नाव काढलं तरी लोक दचकत. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. पत्रा कोसळला तरी मारत नाही, हे खरं, पण दुपारी त्याच्याखाली बसवत नव्हतं. म्हातारी माणसं बाभळीच्या सावलीत दिवस काढत. मावशीच्या शेडमध्ये वाकून शिरलो आणि चकित झालो. आत बसण्यासारखं होतं. बाहेर येऊन पाहिलं तर तिनं पत्र्यावर बांबू आडवे टाकले होते, आणि बांबूंवर जोंधळ्याच्या कडब्याच्या पेंढ्या ओळीनं बांधल्या होत्या. कडबा आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा.

"काय बघलालास?" मावशी म्हणाली. "माळवद नगं म्हनले, नगं. पर पत्र्याला गोधडी नगं का?"

चूल तिनं दूर अंगणात नेली होती, कडब्याला ठिणगी लागेल म्हणून. तेव्हा मी हसलो आणि विसरून गेलो. पोलादाची चादर, मध्ये हवा, वर हलकी कोरडी पोकळ वस्तू. ट्यूडरनं वीस-पंचवीस वर्षं घालवून जे शोधलं, ते मावशीनं एका उन्हाळ्यात केलं होतं. मी मात्र इंजिनिअर अधिकाऱ्यांबरोबर लडाखमध्ये दोन पत्र्यांच्या मध्ये भरण भरून झोपड्या उभ्या केलेला माणूस, आणि स्वतःच्या गॅरेजला तपकिरी पत्रा लावून बसलो होतो.

आता काम. पहिला प्रयत्न मी घाईत केला आणि तो फसला, तोही सांगतो. बाजारात चमकदार कागद लावलेला पातळ फोम मिळतो. तो रबरी गोंदानं थेट पत्र्यावर चिकटवला, चमक पत्र्याकडे. तीन आठवड्यांत सगळा सोलून खाली. ५८ अंशांना गोंद मऊ पडतो. शिवाय चमकदार पृष्ठभाग उष्णता परतवतो ती त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला भिडवला की तो आणखी एक पत्रा होतो.

दुसऱ्या वेळी मी मावशीच्या क्रमानं गेलो. आधी बाहेरून. गंज खरवडून रेड ऑक्साइड, त्यावर पांढरा रंग, आणि दाराबाहेर वीतभर अंतरावर बांबूची चिक. एवढ्यानंच पत्रा ५८ वरून ४२-४३ वर आला. कोणी फक्त एवढंच केलं तरी खर्चाच्या मानानं सर्वांत मोठा फायदा यातच आहे.

मग आतून. दाराची चौकट दीड इंची अँगलची आहे. त्यावर लाकडी रिपा ठोकल्या. लाकडीच, कारण लोखंडी पट्टी लावली तर उष्णतेला आत यायला पूल मिळतो. पत्र्यापासून बोटभर जागा सोडून दोन इंची रॉकवूलच्या लाद्या बसवल्या. थर्मोकोल स्वस्त आणि तितकाच चांगला, पण तो पेटतो, आणि कोपऱ्यात माझी पेट्रोलची स्कूटर उभी असते. मावशीनं चूल दूर नेली होती. मला स्कूटर न्यायला दुसरी जागा नाही. रॉकवूल कापताना लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला. मी पहिल्या दिवशी घातले नाहीत आणि रात्रभर खाजवत बसलो. खाली पत्र्याला चार भोकं पाडली, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. समुद्राजवळ हे विसरू नका. वरून सिमेंटचे पातळ बोर्ड, करडा रंग. तीच तुमची 'भिंत'. कडांना रबराची पट्टी, खाली ब्रश, कारण फटीतून येणारी गरम झुळूक सगळ्यावर पाणी फिरवते.

वजनाचा हिशेब आधी करा. माझ्या एका फळीवर सुमारे तीस किलो वाढले. वेल्डरनं बघताक्षणी सांगितलं की जुन्या दोन बिजागऱ्या झेपायच्या नाहीत, तिसरी लावा. लावली. दोन इंच रॉकवूलइतकी अडवणूक विटांनी करायची तर जवळपास तीन फूट जाड भिंत लागेल. ती दाराला टांगता येत नाही, आणि किल्लारीनंतर मला डोक्यावरही नको आहे. रोलिंग शटर असेल तर मात्र यातलं आतलं काही करता येणार नाही, ते गुंडाळलंच जाणार नाही. तिथे बाहेरची चिक आणि पांढरा रंग एवढ्यावर समाधान माना.

या मे महिन्यात मोजलं. दुपारी साडेतीनला बोर्डाची आतली बाजू ३६ अंश. तव्यासमोर बसल्याची भावना गेली, रस्त्याचा आवाजही निम्म्यावर आला. पण खोलीतली हवा ३८ वरून ३५ झाली, फक्त तीन अंश. दार बंद केलं तर उष्णता स्लॅबमधून येते. शिवाय आत दोन दिवे आणि माणसं, प्रत्येक माणूस शंभर वॉटचा बल्ब. म्हणून आता उन्हाळ्यात सकाळी अकरानंतर रेकॉर्डिंग नाही, आणि दर वीस मिनिटांनी पंखा लावून पाणी प्यायचं. मुलगा जेवून आला का, हे मी विचारतो. त्याला ते थोडं अपमानास्पद वाटतं, तरी विचारतो.

स्लॅबचं काय करायचं, यावर त्याच्याशी बरीच चर्चा झाली. कडबा चेन्नईत कुठे मिळणार? तोच म्हणाला की इथे नारळाच्या विणलेल्या झावळ्या मिळतात, मांडवाला घालतात त्या. विटांवर बांबू टाकून, चार बोटं जागा सोडून आम्ही दोघांनी त्या एका रविवारी पहाटे अंथरल्या. दिवाळीच्या फटाक्यांपूर्वी काढून ठेवणार आहोत. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या आजी फाटकाशी आल्या आणि विचारू लागल्या, घरात लग्न कोणाचं आहे?